करंगळी

लहान मुलं समजायला अगदी सोपी असतात. फक्त ती दुसऱ्याची असली पाहिजेत. शेजारचं पोरगं का रडतं, हे मला आमच्या ओसरीत बसल्या बसल्या भिंतीपलीकडून कळतं. एक तर त्याला झोप आलेली असते, नाहीतर त्याच्या बापाने त्याला पाहुण्यांसमोर काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलेलं असतं. इतकी साधी गोष्ट त्या बापाला कशी कळत नाही, याचं मला नवल वाटतं. त्यालाही माझ्या बाबतीत असंच नवल वाटत आलं असणार. तो सभ्य आहे म्हणून बोलत नाही.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. यवतमाळात एका हायस्कुलात पाचवी ते दहावीची पोरं माझ्या हाताखालून गेली. बी. एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला 100 पैकी 62 गुण होते. उरलेले 38 कुठे गेले, त्याचा तपास पुढे आयुष्यभर लागत राहिला. त्यातले बरेचसे एकाच दिवशी सापडले. ती हकिकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे, पण ती सांगायला मला थोडा संकोच वाटतो म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलतो. मास्तरांची ही जुनी खोड.

यंदा पोळ्याला चिरंजीव सहकुटुंब पुण्याहून आले. बरोबर आमचे नातू. वय वर्षे सात. पुण्याच्या शाळेत दुसरीत असल्यामुळे त्यांचं सगळं बोलणं छापल्यासारखं शुद्ध, आणि म्हणून आमच्या घरात त्यांना ‘साहेब’ म्हणतात. चिरंजीवांनी मुलं वाढवण्याच्या विषयात कसलासा अभ्यासवर्ग केला आहे. त्याला ते ‘सजग पालकत्व’ म्हणतात. आमच्या वेळी पालक सजग असत ते फक्त निकालाच्या दिवशी.

पहिल्याच सकाळी साहेबांनी ओसरीत भोकाड पसरलं. मी सवयीने म्हणालो, “अरे, रडतोस काय मुलीसारखा?” एका वाक्यात मी दोन गुन्हे केले, हे मला सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, त्याला ‘रडू नको’ म्हणायचं नाही. आधी त्याची भावना मान्य करायची.” आमच्या खात्यात मान्य व्हायची ती फक्त किरकोळ रजा, आणि तीही कधीकधी. पण मी गप्प बसलो. चिरंजीव गुडघ्यांवर बसले, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आले, आणि एखादा बडा डॉक्टर नाडी पाहतो तशा आवाजात त्यांनी विचारलं, “तुला आत्ता राग आलाय, की तुला वाईट वाटतंय, की तुला एकटं वाटतंय?”

साहेबांनी तिन्ही पर्यायांचा विचार केला. मग म्हणाले, “मला भूक लागलीये.”

आमच्या सौ. तेवढ्यात पोह्यांची बशी घेऊन आल्या. त्यांनी कुठलाच अभ्यासवर्ग केलेला नाही. “आठ वाजून गेले, पोराच्या पोटात काहीच नाही, अन् तुमी त्याची परीक्षा घेऊन राह्यले,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आता इथे ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणून छाती फुगवायचा मोह मला होतो. आम्ही सहा भावंडं. आम्हांला कुणी समजून घेतलं नाही. आम्ही शेतातल्या पऱ्हाटीसारखे वाढलो. पाऊस पडला तर पडला, नाही पडला तर नाही. रात्री जेवणाच्या वेळी आई पाटांवरून नजर फिरवून डोकी मोजायची. सहा भरली की दिवस पार पडला. कधी सात भरत. मग सातवं शेजारचं निघे, पण तोवर ते जेवून झालेलं असे. अशा बालपणाच्या आठवणी छान लिहिता येतात. मीही लिहिल्या आहेत, आणि त्याबद्दल मला कौतुकाची पत्रं आली आहेत.

पण माझा थोरला भाऊ डावखुरा होता. तो डाव्या हाताने लिहायला लागला की शाळेत त्या हातावर पट्टी बसायची, आणि जेवताना डावा हात पुढे आला की घरी. दोन वर्षांत तो उजव्या हाताने लिहू लागला. सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. मात्र त्याचं अक्षर शेवटपर्यंत असं होतं, की जणू अक्षरं पावसातून पळत घरी येताहेत. एरवी अतिशय बोलका माणूस, पण चारओळी पत्र लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो आता नाही. त्याने आपल्या बालपणावर कधी लेख लिहिला नाही. ज्यांचं बरं गेलं तेच ‘आमच्या वेळी’ असं लिहितात. बाकीच्यांचा हात चालत नाही, किंवा चालायचा तो हात बांधलेला असतो. त्यामुळे जुन्या काळाबद्दलचा सगळा पुरावा एकतर्फी गोळा होतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. माझे लेख वाचतानासुद्धा.

तर, करंगळी.

मास्तराच्या आयुष्यात करंगळीला फार महत्त्व आहे. शिष्यांनी विद्येसाठी हात वर केलेले मी क्वचित पाहिले, पण करंगळ्या रोज पाहिल्या. “सर, एकी?” गणिताच्या तासाला त्यांना बहर येई. आमच्या शाळेच्या मागे जामाचं झाड होतं. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात, त्याला आम्ही जाम म्हणतो. त्या झाडाला फळ धरलं की सबंध वर्गाला मूत्रविकार जडायचा. दहा करंगळ्या वर आल्या तर त्यातल्या नऊ जामाच्या असतात, असा माझा अनुभव आहे. मग प्रश्न असा की दहावीचं काय करायचं? ती खरी असते. आणि दिसायला ती बाकीच्या नऊंसारखीच असते, किंबहुना थोडी कमीच दीनवाणी. कारण जामवाल्या पोरांचा अभिनयाचा सराव दांडगा असतो.

कायद्यात म्हणतात की शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. शाळेत आणि घरात आम्ही हे वचन नेमकं उलटं करून वापरतो. एक लबाड सुटू नये म्हणून नऊ काय, नव्याण्णव खरी पोरंही दाबून बसवायला आमची तयारी असते. माझं उत्तर ठरलेलं होतं: “बसा खाली. घंटा झाल्यावर.” बारा वर्षं मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की करंगळी दिसली की ते आपोआप बाहेर पडायचं, वजनकाट्यात नाणं टाकलं की तिकीट पडतं तसं.

आता तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही चाल आहे असं सांगतात. मुलं लाकडाचे बैल सजवतात, त्यांना झुली घालतात, गळ्यात घुंगरं बांधतात, आणि ते ओढत घरोघरी जाऊन बोजारा मागतात. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. ठिकठिकाणी स्पर्धा असतात: उत्तम बैल, उत्तम वेशभूषा. बैल मुलांचा, वेश मुलांचा, आणि स्पर्धा बापांची.

माझ्या लहानपणी, 1958 च्या सुमारास, माझ्याकडे जो बैल होता तो गल्लीतल्या सुतारकाकांनी उरलेल्या सागाच्या तुकड्यातून काढून दिला होता. त्याला चाकं नव्हती आणि एक शिंग उपजतच आखूड होतं. शेजारच्या वकिलांच्या मुलाचा बैल गुडघ्याएवढा, चाकांचा, पितळी घुंगरांचा. तो खडखडत पुढे जायचा आणि माझा मागून धुळीत फरफटत यायचा. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की माझ्या मुलाला असा बैल घेऊन देईन की वकिलांनी खिडकीतून पाहत राहावं.

सव्वीस वर्षांनी, 1984 साली, तो योग आला. वकील तोवर यवतमाळ सोडून गेले होते; पण त्याने काही बिघडत नव्हतं. चिरंजीव सहा वर्षांचे होते. मी 85 रुपयांना बैल घेतला. त्या वेळच्या पगारात तो बसत नव्हता. पायाखालची फळीही बसत नव्हती, पण दोन्ही घेतलं. बैलाचं वजन सहा किलो. चिरंजीवांचं सतरा. त्यांना बैल आवडला का, असं मी विचारल्याचं आठवत नाही. मला फार आवडला होता.

स्पर्धेच्या दिवशी त्यांना शेतकरी केलं. दोन्ही बाजूंनी कसून बांधलेलं धोतर, वर करदोड्याची गाठ, बंडी, मुंडासं, काजळाची मिशी. सौ. म्हणाल्या, “धोतर जरा सैल ठेवा न, घाई झाली तर पोराले सोडता नाही येणार.” मी म्हणालो, “सुटलं तर सगळ्यांसमोर शोभा होईल.” पुढे जे झालं ते पाहता, शोभा या शब्दाची माझी कल्पना अपुरी होती.

मैदानावर चिखल होता. पोरं रांगेत उभी, परीक्षक चहा घेताहेत, लाउडस्पीकरवर कुणीतरी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” करतो आहे. असा तास गेला. मी दोरीच्या पलीकडे बापांच्या घोळक्यात उभा होतो. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. हातात कासरा होता, आणि कासऱ्यातून एक करंगळी उभी होती.

मला ती दिसली. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की गर्दीत मला दिसलीच नाही. दिसली. आणि माझ्या तोंडून वाक्य पडलं, “थांब. नंबर झाल्यावर.” त्याने मान हलवली. शहाणं पोर होतं. थोड्या वेळाने पुन्हा करंगळी वर आली. मी डोळे वटारले. मग ती आली नाही. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, आणि मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, “स्टेजची भीती. मोडून काढली पाहिजे लहानपणीच.” 62 गुण!

त्याचा नंबर आला. तो बैल ओढत परीक्षकांपुढे गेला, मधोमध थांबला, आणि त्याचं धोतर हळूहळू गडद होत गेलं. कुणीतरी हसलं. लाउडस्पीकरवाल्याने काहीतरी विनोद केला. मी दोरी ओलांडून गेलो, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणालो, “लाज नाही वाटत?”

त्याला वाटत होती. म्हणूनच तर तो दीड तास थांबला होता.

घरी सौ.नी धोतर पिळता पिळता विचारलं, “काहून मारलं?” मी म्हणालो, “सांगायला काय झालं होतं त्याला?” त्यांनी धोतर झटकलं आणि म्हणाल्या, “करंगळी दाखोली होती न त्यानं. दोनदा. मी बायकांत उभी होती, तिथून मले दिसली.” एवढं बोलून त्या वाळत घालायला गेल्या. त्या पुन्हा त्यावर कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलण्याला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात प्रत्येक करंगळीला सोडू लागलो. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग जामाच्या झाडावर होता. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, “मास्तर, तुमच्या तासाला शाळा शाळेत असते की झाडावर?” मी म्हणालो, “सर, त्यातला एक खरा असतो.” ते म्हणाले, “कोणता?” “ते ओळखता येत नाही म्हणून तर सगळे सोडतो.” ते माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. पण गंमत अशी, की महिन्याभरात गर्दी ओसरली. कधीही जाता येतं म्हटल्यावर जामाची गोडी गेली, किंवा जाम संपले. कोणतं कारण खरं, हे मी आजवर ठरवलेलं नाही; मास्तरांनी अशा वेळी पहिलं कारण सांगायचं असतं.

त्या काळात मी पुष्कळ वाचलंही. वाचण्याने धपाटा परत घेता येत नाही, पण माणूस काहीतरी करतो. गिजुभाई बधेका मला तेव्हा नव्याने भेटले. भला वकिली करणारा हा माणूस, स्वतःला मुलगा झाल्यावर विचार करू लागला की याला वाढवायचं कसं, आणि वकिली सोडून भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गेला. 1920 साली तिथे त्यांनी बालमंदिर काढलं. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. मलाही मिशी होती. साम्य तिथेच संपलं. त्यांच्याबरोबर काम करायला 1923 साली ताराबाई मोडक गेल्या. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. पोरं शाळेत येईनात. का येईनात, तर ती गुरं राखायला जात. आमच्यासारख्याने गैरहजेरीचा शेरा मारून पालकांना बोलावणं धाडलं असतं. या बायांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. करंगळी वर येण्याचीसुद्धा त्यांनी वाट पाहिली नव्हती.

बाकी जगातही मोठमोठी माणसं या बाबतीत आपल्यासारखीच उशिरा जागी झाली आहेत. मुलांसाठी बुटक्या खुर्च्या कराव्यात, हे माँटेसोरीबाईंनी 1907 साली रोममध्ये शाळा काढून दाखवून द्यावं लागलं. तोवर हजारो वर्षं मुलांचे पाय लोंबकळत होते आणि ते कुणाला दिसत नव्हतं. मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचं ओझं संसदेत मांडलं ते आर. के. नारायण यांनी, म्हणजे एका गोष्टी लिहिणाऱ्याने. पुढे यशपाल समिती नेमली गेली, 1993 साली तिचा अहवाल आला. दप्तराचं म्हणाल तर, साहेबांचं दप्तर मी परवा उचलून पाहिलं आणि कंबरेला शेक घेतला. मुलांना खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क आहे, असं 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात लिहिलं आहे, आणि आपल्या देशाने 1992 साली त्याला मान्यता दिली. माझ्या बालपणी हा हक्क कायद्यात नव्हता, मैदानात होता. आता कायद्यात आहे.

आमचे शेतकरी मला या बाबतीत शहाणे वाटतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप लावून चोळतात. वर्षभर जिथे जू बसलं तिथेच हात जातो. बैल काही सांगत नाही. त्याला ‘तुला आत्ता कसं वाटतंय’ असं कुणी विचारत नाही. पण मालकाला ठाऊक असतं, कारण जू त्यानेच ठेवलेलं असतं. आता वर्षभर जू ठेवून एक दिवस खांदा चोळणं हे काही फार थोर नव्हे, असं कुणी म्हणेल. मीही म्हणतो. पण आम्ही तो एक दिवससुद्धा बैलांसाठी राखून ठेवला आणि मुलांना त्याच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धेला उभं केलं, हेही खरं.

तर यंदाचा तान्हा पोळा. बैल तोच, 1984 चा. माळ्यावर होता, सौ.नी पुसून काढला, मी चाकांत तेल घातलं. स्पर्धा वगैरे काही नाही, फक्त कॉलनीत चार घरं फिरायचं, असं ठरलं. साहेबांनी सदरा-लेंगा घातला होता. लेंग्याला इलॅस्टिक होतं. मी स्वतः ओढून पाहिलं. तिसऱ्या घरासमोर इतर मुलांबरोबर उभे असताना साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. चिरंजीव गुडघ्यांवर बसायच्या तयारीला लागले होते. पण मी चाळीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच होता. मी पोराला उचलल्यासारखं करून ओढत त्या घरात घुसलो, घरच्या बाईंना म्हणालो, “वहिनी, संडास कुठे? घाई आहे,” आणि त्या बिचाऱ्या बाजूला सरकल्या. त्यांना वाटलं, मलाच आहे. माझ्या वयाकडे पाहून त्यांनी माझ्यासाठी दिवाही लावला.

आत साहेब शांतपणे उभे राहिले. म्हणाले, “आजोबा, मला नाही लागलीये.”

“मग पाय का हलवत होतास?”

“मी बैल झालो होतो. बैल उभा राहिला की असंच करतो. काल मी पाहिलं.”

बाहेर वहिनी विचारत होत्या, “पाणी आहे न नळाले?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षं मी जो धडा गिरवला तो एका मुलाचा होता, आणि समोर उभं होतं ते दुसरंच. हा पाय हलवणारा मुलगा मी पाहिलाच नव्हता. मी 1984 मधला पाहत होतो. आदल्या दिवशी खऱ्या पोळ्याला हा तासभर तोरणाखाली उभ्या बैलांकडे टक लावून बसला होता, आणि मी त्याला सावलीत ओढून शेंगदाण्याचा लाडू भरवत होतो. तो काय पाहतो आहे ते पाहावं, असं मला सुचलं नाही. पण चूक करायचीच असेल तर या बाजूची बरी, असं माझं अजूनही मत आहे. एक पोर विनाकारण संडासात गेलं, यात कुणाचं काय गेलं? वहिनींचा गैरसमज तेवढा झाला. तो राहू दे.

रात्री जेवणं व्हायची होती. पाऊस झिमझिमत होता आणि लाइट गेली होती. अंधारात माणसाला बोलणं सोपं जातं. मी चिरंजीवांना म्हणालो, “तुला 1984 चा तान्हा पोळा आठवतो?”

“बैल आठवतो,” ते म्हणाले.

“मी तुला मारलं होतं. सगळ्यांसमोर. धोतर ओलं झालं म्हणून. तू करंगळी दाखवली होतीस आणि मला दिसली होती.”

हे वाक्य मी इतकी वर्षं मनात घोटलं होतं. अंधारात ते अगदीच आखूड वाटलं. चिरंजीव थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “धोतराचं मला काहीच आठवत नाही, बाबा. खरंच. माराचंही नाही.”

मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटलं. चाळीस वर्षं सांभाळलेला ऐवज सावकाराने नको म्हणावा तसं.

“मला दुसरंच आठवतं,” ते म्हणाले. “घरी येताना चिखल होता. चाकं रुतत होती म्हणून तुम्ही बैल खांद्यावर घेतला होता. मी मागून चालत होतो. माझी चप्पल सारखी चिखलात अडकत होती. मी बैलाच्या पायांकडे बघत चालत होतो.”

मला हे मुळीच आठवत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. तो बैल 85 रुपयांचा होता, हे आठवलं.

“बैल जड होता रे,” मी म्हणालो.

“हो न,” ते म्हणाले. त्यांच्या पुणेरी बोलण्यात तेवढा एक ‘न’ यवतमाळचा आला.

सौ. मेणबत्ती घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. “जेवाले बसता का दोघं? कढी थंडी होऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. मेणबत्तीच्या उजेडात दिसलं, साहेब ओसरीतच चटईवर झोपले होते. एक हात कासऱ्यावर, पाय बैलाच्या चाकात. तसेच उपाशी.

“उठव त्याला,” सूनबाई म्हणाल्या.

“झोपू द्या,” सौ. म्हणाल्या. “उठला की खाईन. आत नेऊन टाका कोणी.”

चिरंजीव उठायला लागले. त्यांची कंबर धरते, दिवसभर संगणकापुढे बसून. मी म्हणालो, “थांब,” आणि वाकलो. माझा उजवा गुडघा वाजला. साहेबांचं वजन 23 किलो आहे. बैल कितीतरी हलका होता. दारापर्यंत मी नेला. पुढे चिरंजीवांनी घेतला.